बोर्डिंगमधला शनिवार-रविवार कसा आखायचा: ख्रिस्ती निवासी शाळेतल्या नव्या वॉर्डनसाठी सविस्तर

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास आमच्या हॉस्टेलच्या जिन्यावर सहावीतला एक मुलगा येऊन बसायचा. पायात बूट, लेस घट्ट बांधलेल्या, आणि जायचं कुठेच नाही. मी तेव्हा नवीन वॉर्डन होते, मला वाटलं कार्यक्रम कमी पडतायत, म्हणून मी अजून एक क्विझ घातली, अजून एक मॅच ठेवली, तरी पाच वाजले की हा जिन्यावर. मग एका शनिवारी चॅपलची घंटा वाजवणारा मोठा मुलगा तापाने पडला आणि समोर हाच दिसला, म्हणून मी त्याला म्हटलं उद्या संध्याकाळची घंटा तू वाजव. रविवारी तो साडेचारपासून दोराजवळ उभा. सहाची घंटा त्याने सात मिनिटं आधीच वाजवली आणि सगळं हॉस्टेल ओल्या केसांनी, कोणी खांद्यावर टॉवेल घेऊन, पळत चॅपलला आलं. त्याला कोणी काही बोललं नाही. पुढच्या रविवारी पाच वाजता मी जिना बघायला गेले तर तो तिथे नव्हता.

तेव्हापासून मी शनिवार-रविवार आखायला बसले की एकच गोष्ट तपासते. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र एवढ्या वेळात प्रत्येक मुलावाचून कोणाचं तरी, काही तरी अडलं पाहिजे. मुलाला किती मजा आली, किती कार्यक्रम झाले, हे सगळं त्याच्यानंतर. घरी असताना मुलावाचून रोज दहा वेळा अडतं, धाकट्याला बघ, दार उघड, हे जरा वर पोचव, आणि ते त्याला कळतही नाही. बोर्डिंगमध्ये सगळं यंत्रणेने चालतं, तो नसला तरी चालतं, आणि आठवडाभर वर्ग, अभ्यास, घंटा यात हे जाणवत नाही पण सुट्टीच्या दिवशी बरोब्बर जाणवतं. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

पायरी १: आधी वही, मग टाइमटेबल

गुरुवारी रात्री वही उघडायची, शुक्रवारवर ढकलायचं नाही, कारण शुक्रवारी दुपारपासून गेटवर गर्दी आणि फोन सुरू होतात आणि मग डोकं चालत नाही. वहीत पहिलं लिहायचं की घरी कोण चाललंय, कोणाबरोबर, परत कधी. न्यायला आलेल्या माणसाचं नाव पालकांनी शाळेला लेखी दिलेल्या यादीत असलंच पाहिजे. मुलगा ओळखतो म्हणून सोडलं हे कारण चालत नाही, मूल ओळखीच्याच माणसाबरोबर जातं, त्यासाठीच तर यादी असते. यादीत नाव नसेल तर पालकांच्या आपल्याकडे नोंद असलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन लावायचा, समोरच्या माणसाने लावून दिलेल्या फोनवर बोलायचं नाही.

दुसरं, कोण राहतंय. आणि त्यातही जी मुलं लागोपाठ तिसऱ्या आठवड्याला राहतायत त्यांच्या नावापुढे खूण करायची. या खुणांची मुलं म्हणजे तुमचं खरं काम, बाकीची बऱ्यापैकी आपली आपण निभावतात. तिसरं, औषधं आणि वाढदिवस. वाढदिवस मधल्या वारी येऊन गेला असेल तरी लिहा. चौथं, कोण कुठल्या उपासनेला जाणार, ते पायरी २ मध्ये सांगते.

शेवटी मोठ्या माणसांची नावं. कोणती दोन माणसं कुठल्या वेळी इमारतीत आहेत हे लिहिल्याशिवाय टाइमटेबलला हात लावू नका. माणसं नसतील तर कार्यक्रम कमी करा, माणसं ताणू नका.

पायरी २: विश्रांतीचा दिवस नेमका कधी सुरू होतो ते ठरवा

नवीन माणसाला वाटतं ख्रिस्ती शाळा म्हणजे रविवारी चर्च, झालं. तसं नाहीये. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट शाळेत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी सूर्यास्ताला सुटतो, म्हणजे साफसफाई, आंघोळी, इस्त्री सगळं शुक्रवारी दिवस मावळायच्या आत, आणि मॅच शनिवारी रात्री किंवा रविवारी. सूर्यास्ताची वेळ वर्षभर सरकत राहते, म्हणून तिथे घंटेचं टाइमटेबलही सरकतं, सूर्यास्ताचा तक्ता नोटीस बोर्डला लावून ठेवा नाहीतर दर आठवड्याला वाद. कॅथलिक मुलांना शनिवारी संध्याकाळचा मिस्सा (त्यांची मुख्य उपासना) रविवारचा म्हणून चालतो, त्यामुळे रविवारी पहाटे सहलीला निघायचं असेल तर फादरांशी आधी बोलून शनिवारचा मिस्सा ठेवता येतो. प्रोटेस्टंट शाळांत बहुतेक रविवार सकाळ. आणि मिश्र शाळा असेल तर प्रत्येक मुलाच्या घरी विचारून लिहून घ्यायचं, आपण अंदाज करायचा नाही. खाली मी रविवार पाळणाऱ्या शाळेचा क्रम धरलाय.

हे ठरलं की दोन दिवसांत तीनच खुंट्या ठोका. एक एकत्र काम, एक उपासना, एक रविवारची संध्याकाळ. या तीन कुठल्याही कारणाने हलवायच्या नाहीत. बाकी सगळं सैल ठेवा. दोन्ही दिवशी सलग दोन-दोन तास रिकामे पाहिजेत, टाइमटेबलवर त्या चौकटीत काहीही लिहू नका, लिहिलं की कोणीतरी शिक्षक येऊन तिथे प्रॅक्टिस घुसवतोच.

झोपेचा विचार इथेच करा. ६ ते १२ वयाच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वाल्यांना ८ ते १० तास झोप लागते, आणि आठवडाभर मोठ्या मुलांची ती भरत नाही हे आपण डोळ्यांनी बघतो. म्हणून सुट्टीच्या सकाळी उठवायची घंटा तास-दीड तास उशिरा. पण तीन तास उशिरा नको, मग रविवारी रात्री झोप येत नाही आणि पडल्या पडल्या घर आठवतं.

पायरी ३: शुक्रवार संध्याकाळ

यात फार करायचं काही नसतं. कपडे धुवायला टाका, पलंगाखालचं बाहेर काढा, वह्या कपाटात ठेवा. मुलं थकलेली असतात, भांडणं जास्त होतात, लवकर जेवण, छोटी प्रार्थना, आणि ज्याला वाचायचं त्याला वाचू द्या. शुक्रवारी मोठा कार्यक्रम ठेवू नका, मी दोन वर्षं ठेवून बघितलाय, शनिवार अख्खा चिडचिडीत जातो.

पायरी ४: शनिवारचं काम, आणि याला जरा जास्त वेळ द्या

लोक म्हणतात सुट्टीच्या दिवशी मुलांना काय कामाला लावता. माझं मत बरोबर उलटं आहे, पण काम कसं द्यायचं त्यावर सगळं आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठातल्या लोकांसाठी एक नियमावली लिहिली, ७३ प्रकरणांची, आणि त्यातलं ३५ वं प्रकरण स्वयंपाकघरातल्या आठवड्याच्या पाळीवर आहे. सगळ्यांनी आळीपाळीने एकमेकांना वाढायचं, आजारी माणूस किंवा तसंच महत्त्वाचं काम असलेला सोडून कोणाला सूट नाही, जे अशक्त असतील त्यांना मदतनीस द्यायचा म्हणजे त्यांना कामाचं दुःख होणार नाही. ज्याची पाळी संपते त्याने शनिवारी सगळे पुसायचे टॉवेल धुवायचे, मग जाणारा आणि येणारा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे, आणि भांडी स्वच्छ व धड अवस्थेत कोठाराच्या प्रमुखाकडे परत करायची, त्याने ती नव्या माणसाला द्यायची, म्हणजे काय दिलं आणि काय परत आलं याचा हिशोब राहतो. पंधराशे वर्षांपूर्वीचं हे वाचताना मला आमच्या हॉस्टेलचा शनिवार दिसतो. एकत्र राहणारी माणसं तेव्हाही टॉवेल कोण धुणार यावर अडत असणार.

आम्ही ते असं उतरवलंय:

१. कामं खरी पाहिजेत. न केल्यास कोणाची तरी गैरसोय होईल असं काम. पटांगणातली पानं एका बाजूची दुसऱ्या बाजूला करणं हे काम नाही, मुलांना ते लगेच कळतं. उपासनेच्या गीतपुस्तकांची सुटलेली पानं चिकटवणं, आजारी खोलीच्या चादरी बदलणं, चॅपलचे बाक पुसणं, बॉलमध्ये हवा भरणं, लहान मुलांची बटणं लावणं, खरकटं वेगळं करणं, झाडांना पाणी, लायब्ररीची पुस्तकं जागेवर लावणं, अशी आमची २२ कामांची यादी आहे.

२. काम एका मुलाचं किंवा जोडीचं, गटाचं नाही. आठ जणांना मिळून व्हरांडा दिला तर दोघं झाडतात आणि सहा जण झाडू धरून उभे. जोडीत एक मोठा एक लहान.

३. पाळी चार आठवडे. एका आठवड्यात हात बसत नाही, आणि हात बसल्याशिवाय ते काम आपलं वाटत नाही. चौथ्या शनिवारी जुना आणि नवा दोघं मिळून करतात, जुना दाखवतो, सामान मोजून देतो. आमच्याकडे शाळेतला एक अतिशय शांत मुलगा कंदील आणि बॅटऱ्यांच्या कपाटाचा ताबा देताना नव्या मुलाला प्रत्येक बॅटरी पेटवून दाखवत होता, आणि जी लागत नव्हती तिला त्याने आधीच कागदाची पट्टी चिकटवून वर ‘सेल पाहिजेत’ लिहून ठेवलं होतं. वर्गात हा मुलगा तोंड उघडत नाही अशी त्याच्याबद्दल तक्रार होती.

४. काम म्हणजे शिक्षा नव्हे, हे स्टाफला ठणकावून सांगा. एकदा जरी कोणी ‘उशिरा आलास, जा बाक पूस’ म्हटलं की बाक पुसणं हे गुन्हेगाराचं काम ठरतं आणि पुढचे कित्येक महिने ज्याच्या पाळीला ते येईल तो मान खाली घालून करतो. माझ्याकडे हे झालंय, चूक माझ्याच एका सहकाऱ्याची होती पण निस्तरायला अर्धं सत्र गेलं.

५. आपणही एक काम घ्यायचं, यादीत नाव लिहून. माझ्याकडे बाथरूमच्या जाळ्या आहेत.

सगळं दीड तासात आटोपलं पाहिजे. त्याच्यापुढे ताणलं तर मुलं रेंगाळायला शिकतात.

पायरी ५: खेळ आणि रिकामे दोन तास

खेळाचं एवढंच सांगते की शनिवारचा खेळ वयं मिसळून ठेवा. आंतरशालेय टीमची प्रॅक्टिस वेगळी, ती आठवड्यात करा. व्हॉलीबॉल यासाठी फार चांगला, १८९५ मध्ये विल्यम मॉर्गनने तो काढलाच मुळी वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेतल्या अशा लोकांसाठी ज्यांना बास्केटबॉलची धावपळ झेपत नव्हती. जाळी जरा खाली बांधा, एक टप्पा पडू द्या, आणि पाचवीतलं पोर दहावीतल्याबरोबर खेळतं.

पाऊस लागला, थंडी पडली, बाहेर जाता येत नाही, अशा शनिवारी मी बास्केटबॉलची गोष्ट सांगते. १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए ट्रेनिंग स्कूलमध्ये जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाला एक कंटाळलेला, दंगेखोर वर्ग मिळाला होता आणि त्यांच्यासाठी आतल्या आत खेळता येईल असा खेळ शोधायला १४ दिवसांची मुदत. त्याने पीचच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या, १३ नियम लिहून नोटीस बोर्डावर लावले, १८ मुलांच्या नऊ-नऊच्या दोन टीम केल्या आणि खेळ सुरू. गोष्ट सांगून झाली की मुलांना म्हणायचं, तुमच्याकडे हा हॉल आहे, एक चेंडू, दोन चादरी, तासाभरात खेळ काढा आणि नियम लिहून आणा. अट एकच, कुबड्या घेऊन चालणारं मूलही त्यात खेळलं पाहिजे. आमच्याकडे असे निघालेले दोन खेळ अजून चालू आहेत.

आता रिकामे दोन तास. याला सगळ्यात जास्त विरोध पालकांकडून होतो आणि त्यानंतर स्टाफकडून. मुलं काहीतरी उद्योग करतील ही भीती, आणि ती खोटी नाही, म्हणून मोठं माणूस तिथेच असायचं, बाकावर, उघड्यावर, हातात विणकाम किंवा पुस्तक, मोबाइल नाही. आपण उपलब्ध असायचं पण चालवायचं नाही. पहिली वीस मिनिटं मुलं येऊन येऊन म्हणणार कंटाळा आला. येऊ द्या. अर्ध्या तासाने तेच मूल मुंग्या बघत असतं, किंवा कोणाला तरी पत्ते पिसायला शिकवत असतं. आणि हे दोन तास तुम्हाला जे दाखवतात ते कुठलाच कार्यक्रम दाखवत नाही, की एकटं कोण आहे. एकटं असणं वाईट नाही, काहींना आठवड्यात तेवढेच दोन तास एकटं मिळतं. बघायचं हे की एकटं असलेलं मूल काही करतंय की नुसतं दुसऱ्यांकडे बघतंय. नुसतं बघत असेल तर त्याचं नाव वहीत, आणि त्याच दिवशी एक काम.

फोनचा नियम शाळेचा असेल तो असू दे, फक्त या दोन तासांत फोन वाटू नका.

पायरी ६: शनिवारची रात्र

एकत्र काहीतरी पाहिजे. सिनेमा असेल तर आठवड्यातून नाही, महिन्यातून एकदा. बाकी शनिवार मुलांच्या हाती द्या: गाणी, नाटुकलं, वाद्यं. स्टेजवर जाणारी तीच ती दहा मुलं असतात, ते होणारच, म्हणून स्टेजमागची कामं मुद्दाम वाढवा. पडदा, दिवे, खुर्च्या, घड्याळ बघून वेळ सांगणारा, पहिल्यांदा टाळी वाजवणारा. शेवटचं मी खरंच नेमते, आणि ते काम बहुतेक लाजऱ्या मुलाला देते, कारण त्यासाठी प्रत्येकाचं नीट ऐकावं लागतं.

पायरी ७: उपासना

मुलांना उपासनेचा कंटाळा येतो अशी तक्रार असेल तर आधी मोजा, तासाभरात मुलांनी किती मिनिटं स्वतः काही केलं. आमच्याकडे एकदा मोजलं तेव्हा गाणी सोडून चार मिनिटं निघाली. मग पाळकांशी बसून वाटणी केली. दोन शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधले उतारे, मुलं वाचतात, मध्यस्थीच्या म्हणजे दुसऱ्यांसाठीच्या प्रार्थनेतल्या विनंत्या मुलं लिहितात, दाराशी गीतपुस्तकं देणारी जोडी, मेणबत्त्या लावणारं एक जण, दान गोळा करणारे दोघं, आणि उशिरा येणाऱ्याला हळूच जागा दाखवणारं एक. उपदेश बारा मिनिटांवर आणायला पाळकांना पटवावं लागलं, पटले.

वाचणाऱ्याची तयारी शनिवारीच करून घ्या, आणि चॅपलमध्येच, जागेवर उभं करून. खोलीत छान वाचणारं मूल तिथे आवाज परत येतो म्हणून गडबडतं. वाचणाऱ्याला तीन गोष्टी पुरतात: पहिलं वाक्य पाठ असू दे म्हणजे वर बघता येईल, अवघड नावं आधी मोठ्याने पाच वेळा म्हण, आणि संपल्यावर तीन आकडे मोजून मगच खाली उतर.

संगीताचं म्हणाल तर सगळ्यांच्या भाषा वेगळ्या असतील तर तेझेची गाणी घ्या. १९४० मध्ये फ्रान्समधल्या तेझे गावी ब्रदर रॉजर यांनी सुरू केलेला तो समुदाय आहे, आणि तिथली गाणी दोन ओळींची, परत परत म्हणायची, कारण तिथे निरनिराळ्या देशांतली तरुण मुलं येतात आणि सगळ्यांना लगेच म्हणता आलं पाहिजे. तिसऱ्या वेळी पाचवीतलं पोरही न बघता म्हणतं. आणि मधे शांतता ठेवा, आधी एक मिनिट, मग वाढवत नेऊन तीन. मुलांना शांतता जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्यांना ती कधी दिलेलीच नसते.

दुसऱ्या धर्माची मुलं, किंवा ज्यांना विश्वास नाही अशी मुलं, यांच्याबद्दल स्पष्ट बोलते कारण बरेच जण हे टाळतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १४ वं कलम मुलाच्या विचार, विवेक आणि धर्माच्या स्वातंत्र्याबद्दल आहे. प्रवेशाच्या वेळीच पालकांना आणि मुलाला दोघांना सांगायचं की इथे उपासना असते, त्यात बसणं कितपत अपेक्षित आहे, आणि काय कधीच करायला लावणार नाही. प्रार्थना म्हणायला लावायची नाही, प्रभूभोजनाला, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाच्या विधीला, रांगेत उभं राहायची वेळ आणायची नाही, आणि जी मुलं येत नाहीत त्यांना शिक्षा झाल्यासारखं अभ्यासाच्या खोलीत कोंडायचं नाही. त्यांच्यासाठी त्या वेळात एक माणूस, एक चांगली जागा आणि त्यांच्या घरच्या रीतीने काही करायचं असेल तर ते करायची मोकळीक. माझ्या एका मुलीला उपासनेत बसायचं नव्हतं पण चॅपलच्या फुलांचं काम तिने स्वतः मागून घेतलं आणि दोन वर्षं सांभाळलं. मी तिला कधी का म्हणून विचारलं नाही.

सणाच्या आठवड्यांत हे सगळं सोपं होतं. आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांतल्या, मेणबत्त्यांच्या चक्राची सुरुवातच एका मुलांच्या वसतिगृहात झाली. हॅम्बुर्गमध्ये योहान विशर्न नावाच्या धर्मशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये गरीब मुलांसाठी घर काढलं होतं, मुलं सारखी विचारायची नाताळ कधी, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, वारांच्या लहान लाल आणि चार रविवारांच्या मोठ्या पांढऱ्या, रोज एक जास्त पेटवायची. मुलांना दिवस मोजता यायला लागले. नाताळला घरी जायची वाट बघणाऱ्या हॉस्टेलमध्ये याहून उपयोगाची वस्तू मी पाहिलेली नाही. रोज कोण पेटवणार त्याची यादी आधी लावा, आणि ज्यांना नाताळलाही घरी जायचं नाहीये त्यांना शेवटच्या मेणबत्त्या द्या.

पायरी ८: शाळेबाहेर जाणं

वृद्धाश्रम, हॉस्पिटल, शेजारच्या वस्तीतली अभ्यासिका, कुठेही जा, पण एकाच ठिकाणी जा आणि वर्षभर जा. दर वेळी नवीन जागा म्हणजे सहल. त्याच आजींकडे तेच मूल चौथ्यांदा गेलं की आजी दारात विचारतात मागच्या वेळी का नाही आलास, आणि इथे कोणाचं कोणावाचून अडतं ते मुलाला आपोआप कळतं.

जायच्या आधी तिथल्या माणसांना विचारायचं की तुम्हाला काय पाहिजे. आम्ही गाण्यांची तयारी करून गेलो होतो आणि त्यांना पाहिजे होतं कोणीतरी पत्रं वाचून दाखवणारं. फोटो काढायचे नाहीत, दान दिल्याचे तर नाहीच नाही. मुलांना आधी सांगायचं की काय दिसेल, वास कसा असेल, कोणी रडलं तर काय करायचं, उत्तर सुचलं नाही तर गप्प बसलं तरी चालतं. परत आल्यावर दहा मिनिटं गोल करून बसा, बोलायचंच अशी सक्ती नको.

मोजणी: प्रत्येकाला कायमचा नंबर, जोडीदार ठरलेला, आणि निघताना, चढताना, उतरताना, परत येताना नंबर म्हणायचे. डोकी मोजू नका, हलणारी डोकी चुकतात.

पायरी ९: रविवार चार ते लाइट्स आउट

सगळ्यात जड वेळ हीच. घरून आलेली मुलं पिशव्या घेऊन येतात, न गेलेली बघत असतात, उद्या शाळा असते, उजेड उतरतो. इथे तीन गोष्टी करा.

घरचे फोन चारच्या आधी संपवा, किंवा फार तर पाचला. झोपायच्या आधी फोन हा प्रेमापोटी केलेला आणि महागात पडणारा निर्णय आहे, फोन ठेवल्यावर मुलाकडे रडायला अख्खी रात्र असते आणि सावरायला माणूस नसतं. ज्यांचा फोन येत नाही त्यांना त्या वेळी रांगेजवळ रेंगाळू देऊ नका, त्यांचं घंटेचं, ताटांचं, लहानांना वाचून दाखवायचं काम बरोब्बर त्याच वेळी ठेवा. १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी जी संडे स्कूल काढली तीसुद्धा आधी वाचायला शिकवण्यासाठीच होती, सहा दिवस राबणाऱ्या मुलांना रविवारच तेवढा मोकळा असायचा. आमच्याकडे दहावीतल्या तीन मुली रविवारी साडेचारला पाचवीच्या पोरींना वाचून दाखवतात आणि त्यातल्या दोघींना घरून फोन येत नाही.

दुसरं, रविवारचं जेवण छोट्या टेबलांवर, आठ-नऊ जणांचं घर असल्यासारखं, वयं मिसळून, एक मोठं माणूस, वर्षभर तीच माणसं. वाढायची पाळी आणि न आलेल्याचं ताट झाकून ठेवायची पाळी दोन्ही असावी. गाडी उशिरा येऊन भुकेलं पोर आत आलं आणि आपलं ताट झाकलेलं दिसलं, मी त्या वेळचे चेहरे बघितलेत.

तिसरं, रडणाऱ्या मुलाशी काय बोलायचं. ‘रडू नको’ नाही, ‘इथे किती मजा आहे’ नाही, ‘शनिवारी आई येईल’ तर खात्री नसेल तर अजिबात नाही. घरी आत्ता काय चाललं असेल विचारा. कोण कुठे बसलं असेल, दिवे कोण लावतं. मुलं सांगतात, सविस्तर सांगतात, सांगता सांगता श्वास जागेवर येतो. मग सोबत उठून काहीतरी हाताने करायचं, चादर घालायची, बाटल्या भरायच्या. दोन आठवड्यांनंतरही जेवण, झोप सुटलेली असेल तर घरी आणि समुपदेशकाला कळवा, वाट बघू नका.

पायरी १०: जे दिसत नाही त्याच्यावर लक्ष

त्रास देणं, रॅगिंग, लपून मारणं हे कार्यक्रमात होत नाही. ते जेवण ते लाइट्स आउट या वेळात, बाथरूमच्या बोळात, रिकाम्या डॉर्ममध्ये होतं. म्हणून फेरी ठरलेल्या वेळी मारू नका. कुठलंही मोठं माणूस एका मुलाबरोबर बंद दारामागे नको, यात पाळक, फादर, सिस्टर, वॉर्डन, पाहुणे उपदेशक कोणीच अपवाद नाही. पापनिवेदनसुद्धा दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी होऊ शकतं. आणि प्रत्येक मुलाला हॉस्टेलबाहेरच्या एका माणसाचं नाव आणि नंबर माहीत पाहिजे ज्याला आपल्याबद्दलसुद्धा तक्रार करता येईल. तो कागद फोनच्या वर चिकटवा, ऑफिसात फाईलला नको. ख्रिस्ती शाळा आहे म्हणून आपल्याकडे असं होत नाही असं म्हणणाऱ्या माणसाला रात्रीची ड्युटी देऊ नका.

पायरी ११: आपली सुट्टी, आणि सोमवारची वही

वॉर्डनला आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी, लेखी, आणि त्या दिवशी आवारात नाही. खोलीत बसलात तर दार वाजणारच. शब्बाथ माणसासाठी आहे हे येशूचं म्हणणं स्टाफलाही लागू आहे.

सोमवारी पंधरा मिनिटं, सगळे ड्युटीवाले उभ्या उभ्या. वहीत राहिलेल्या मुलांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येक नावापुढे एकच रकाना: या दोन दिवसांत याच्यावाचून कोणाचं अडलं. तिथे ‘खेळला’, ‘आनंदी होता’, ‘उपासनेला आला’ असं लिहायचं नाही. ‘घंटा’, ‘दुसरा शास्त्रपाठ’, ‘आजींना पत्र वाचलं’, ‘रात्री उशिरा आलेल्याचं ताट झाकलं’ असं लिहायचं. जिथे काहीच लिहिता येत नाही तो रकाना रिकामाच ठेवा, उगाच भरू नका, आणि गुरुवारी रात्री वही उघडाल तेव्हा सुरुवात त्या नावापासून करा.